भुसा कशासाठी?

६ फेब्रुवारी

मामी म्हणाली, "रोज कुणा ना कुणाशी भांडतोस, त्यापेक्षा वहीशी भांड. ती उलट बोलत नाही." म्हणून ही वही.

आधी वस्तुस्थिती. कॉलेज सोडून चार महिने झाले. प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांसमोर माझी वही वर धरली आणि म्हणाले, "हे आकडे प्रयोगातले नाहीत, घरी खाटेवर बसून लिहिलेले आहेत." मी वही त्यांच्या हातातून ओढली, टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो तो पडलोच. याला स्वाभिमान म्हणतात. बाबा दुसरा शब्द वापरतात, तो इथे लिहीत नाही.

सध्या मुक्काम मामांकडे. मामांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर तळ्याच्या वरच्या उतारावर त्यांनी स्वतःच्या हातांनी एक लाकडी घर बांधलं. एक खोली, एक पडवी, एक चूल. मामा त्याला केबिन म्हणतात, मामी खोपट. शहरातले पाहुणे येऊन राहतील, पडवीत बसून तळं बघतील, हे मामांचं स्वप्न. ते दिवसातून चार वेळा पडवी झाडतात, पाहुणा नसताना.

आता त्यात सरकारी कार्यालयाचं पत्र आलंय. खालच्या तळ्याचं पाणी सगळं गाव पितं, त्यामुळे इथे संडासाची टाकी जमिनीत पुरायला बंदी, कचरा पुरायला बंदी, सांडपाणी सोडायला बंदी. घाणीचं काय करणार ते लेखी द्या आणि चालू करून दाखवा. तपासणी १२ मार्चला. जमलं नाही तर दाराला सील.

मामांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं. "तू दीड वर्ष काहीतरी शिकलास ना? मग हे कर."

बाबांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "ठीक. जमलं तर तुझं तू बघ. नाही जमलं तर तेरा तारखेला मी येतो आणि तुला सरांच्या दारात उभा करतो."

म्हणजे मामांची केबिन आणि माझी मान, दोन्ही एकाच तारखेला टांगलेली.

७ फेब्रुवारी

आराखडा झाला. तीन रंगांच्या पेनांनी.

भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी: खडी-वाळूच्या चरातून कर्दळीच्या रांगेला. प्लास्टिक, डबे, बाटल्या: पिशवीत भरून पाहुण्यांनीच खाली न्यायच्या. भाज्यांची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा: खताच्या ढिगात. आणि मुख्य विषय: लाकडी पेटी, वर बैठक, आत बादली. काम झालं की वर एक डबाभर लाकडाचा भुसा. बादली भरली की ती ढिगात. ढीग आतून तापतो, तापला की जंतू मरतात, वर्षभरात खत. पाण्याचा थेंब लागत नाही, तळ्याला धक्का नाही.

पत्रात लिहिलंय की ढीग सलग तीन दिवस पन्नास अंशांच्या वर असला पाहिजे आणि रोजची नोंद दाखवली पाहिजे. सोपं आहे. निसर्गाचं काम निसर्ग करतो, आपण फक्त लिहायचं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बादलीत."

"मामा, ही शास्त्रीय पद्धत आहे."

"शास्त्रीय बादलीत."

मामीने तिथल्या तिथे जाहीर केलं की ती त्या पेटीवर आयुष्यात बसणार नाही. दर वेळी उतार उतरून गावातल्या घरी जाईल. जाऊ दे. क्रांतीला विरोध घरातूनच होतो.

८ फेब्रुवारी

मामा गावातल्या लाकडाच्या वखारीत पेटी सांगून आले. माप द्यायला म्हणे स्वतः फळीवर बसून दाखवलं. मामांना लाज नाही, आणि बोलताना पूर्णविरामही नाही. वखारीत पाऊण तास बसून सगळं पुराण सांगून आले असणार.

९ फेब्रुवारी

आज घाईघाईने लिहितोय. अक्षर बिघडलं तर बिघडो.

भुसा आणायला वखारीत गेलो. करवतीवर एक मुलगी होती. डोळ्यांवर चष्मा, भुवयांवर भुसा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एवढा ओंडका तिने असा सरकवला, जसं कुणी जेवताना ताट पुढे सरकवावं. मग करवत बंद केली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बसवाल्या काकांचा भाचा ना?"

"हो."

"काय हवंय?"

"भुसा."

"कशासाठी?"

आता सांगा. जिच्या भुवयांवर भुसा असा शोभतो, तिच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य मी संडासावर बोलू?

"काचेच्या भांड्यांसाठी," मी म्हणालो. "पाठवायची आहेत. फुटू नयेत म्हणून."

तिने हातांवरचा भुसा झटकला. "काचेच्या."

"हो. बरीच आहेत."

"बरं." तिने पुढचा ढीग सोडला आणि आतल्या खोलीतून एक पोतं आणलं. "मग हा ने. देवदाराचा. बारीक, कोरडा, वासाला चांगला. भांड्यांसाठी याहून चांगला नाही."

तिने माझ्यासाठी आतून आणला. आतून!

१० फेब्रुवारी

पोतं उशाशी ठेवलंय. मामी म्हणाली, "हे काय नवीन?" मी म्हणालो, दमट हवा लागू नये म्हणून.

१३ फेब्रुवारी

पेटी आली. मला काहीतरी ओबडधोबड खोकं अपेक्षित होतं. पण काय काम आहे! कडा सगळ्या गोल, बैठक तासून रेशमासारखी, झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटं पान कोरलेलं, जिथे कुणी बघणारही नाही. वखारीत कुणी हात बसलेला म्हातारा कारागीर असणार. एकदा भेटून पाया पडायला हवं.

मामांनी उद्घाटन केलं. बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "बसची सीट अशी असती तर मी निवृत्तच झालो नसतो."

१५ फेब्रुवारी

केबिनमागे फळ्यांची चौकट ठोकून ढीग सुरू केला. आमच्या दोघांच्या बादल्या, मामीची सालं-टरफलं, आणि भरपूर देवदार. लांब नळीचा थर्मामीटर खुपसला.

हवा २३. ढीग २३.

उद्यापासून चढेल.

२० फेब्रुवारी

ढीग २२.

हवेपेक्षाही थंड! मामा रोज सकाळी येतात, थर्मामीटर बघतात आणि काही न बोलता पडवी झाडायला जातात. ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

भुसा कमी पडत असणार, म्हणून वखारीत गेलो. (हे कारण खरं आहे. दुसरंही खरं आहे.)

"परत?" ती म्हणाली. "कशासाठी?"

"तेच. भांडी."

"फुटली नाहीत ना अजून?"

"एकही नाही. तुमचा भुसा फार उत्तम आहे."

तिने एक फळी उचलून माझ्यापुढे धरली. "देवदार आहे. याला कीड लागत नाही. याच्या पेटीत लोकरीचे कपडे ठेव, कसर लागत नाही. चिखलात पुरलास तरी वर्षानुवर्षं कुजत नाही. तो दाराचा खांब बघ, आजोबांनी रोवलेला. कुजला?"

"नाही."

"कुजत नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

काय तो आवाज! घरी येईपर्यंत विचार करत होतो. ती लाकडाबद्दल बोलतच नव्हती. तिला आयुष्यात टिकणारं, न बिघडणारं काहीतरी हवंय, आणि हे ती मला सुचवत होती. मुली असंच आडून बोलतात.

संध्याकाळी आणलेलं सगळं पोतं ढिगावर रिकामं केलं.

२३ फेब्रुवारी

ढीग २१. आणखी एक पोतं आणलं. तिने पुन्हा विचारलं, कशासाठी. मी पुन्हा सांगितलं, भांडी. ती म्हणाली, "केवढं मोठं घराणं आहे रे तुमचं?"

ढिगाचा वास मात्र उत्कृष्ट. एखाद्या श्रीमंताचं कपाट उघडावं तसा.

२७ फेब्रुवारी

आज झालं ते लिहायला नको, पण मामीला कबूल केलंय की वहीत सगळं लिहीन.

वखारीत एक सुतार तिच्याशी हसून बोलत होता. कानामागे पेन्सिल. मला बघून म्हणाला, "हेच का ते भांडीवाले?" आणि दोघं हसली. माझं डोकं फिरलं. मी हातातलं रिकामं पोतं त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हणालो, "हिंमत असेल तर बाहेर या!"

तो म्हणाला, "आपण बाहेरच आहोत."

खरं होतं. वखारीला भिंतीच नाहीत.

मग तिने ओळख करून दिली. थोरल्या बहिणीचा नवरा. तिचे भावजी. त्यांनी पोतं झटकून नीट घडी घालून परत दिलं, हे सगळ्यात वाईट.

ढीग २१.

१ मार्च

अकरा दिवस उरले. बाबांचा फोन. "काय म्हणतो तुझा उकिरडा?"

"उकिरडा नाही, बाबा. शास्त्रीय ढीग."

"तापला?"

मी इथल्या हवेबद्दल बोलायला लागलो. ते म्हणाले, "तेराची गाडी बघून ठेवतो."

फोन ठेवल्यावर बादलीला लाथ मारली. रिकामी होती, देवाची कृपा. अंगठा सुजलाय. मामीने शेकायला गरम पाणी दिलं आणि म्हणाली, "ढीग काही तापत नाही आणि तू काही थंड होत नाहीस. दोघं जागा बदला."

मामा दुपारी एकटेच पडवीत बसले होते. त्यांनी पाहुण्यांसाठी दाराला पाटी रंगवायला घेतली होती, ती अर्धीच ठेवलीय. ब्रश धुऊन वाळत घातलाय.

३ मार्च

नोंदवही घेऊन बसलो. सगळीकडे एकवीस, बावीस, एकवीस. मग पेन्सिलीने पुढच्या रकान्यांत लिहिलं: ४ मार्च, ३४. ५ मार्च, ४३. ६ मार्च, ५२. ७ मार्च, ५५. ८ मार्च, ५४, कारण सगळे चढतेच ठेवले तर संशय येतो.

लिहून झाल्यावर बघितलं, तर अक्षर ओळखीचं वाटलं. प्रयोगाच्या वहीतलंच.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. त्या प्रयोगात अकरा आकडे होते. नऊ मी मोजले होते. दोन राहिले, कारण मी मध्येच कुणाशी तरी वाद घालायला बाहेर गेलो. ते दोन मी बसवले. पण खाटेवर बसून नाही! जिन्यात बसून. सर तेवढ्यापुरते चुकीचे होते, आणि त्या तेवढ्यावर मी पाच महिने काढले.

पेन्सिलीचे आकडे खोडले. खोडल्याच्या खुणा राहिल्यात.

देवदाराचं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलंय. विचारायचं तर तिलाच. आणि विचारायचं तर खरं सांगावं लागणार.

४ मार्च

सांगितलं. गावालाच सांगितलं.

वखारीत गेलो तेव्हा करवत चालू होती. थांबलो असतो तर धीर गेला असता. मी दारातूनच ओरडलो, "मी खोटं बोललो!" तिला ऐकू गेलं नाही. तिने कानाला हात लावला. मी जोर लावून ओरडलो, "भांडी नाहीतच! भुसा..." आणि इथे तिने करवत बंद केली, "...संडासासाठी हवाय!"

तिचे वडील, भावजी, दोन गिऱ्हाइकं आणि दाराशी झोपलेलं कुत्रं, सगळे माझ्याकडे बघत होते. कुत्रं उठून बसलं.

ती म्हणाली, "माहितेय."

"काय माहितेय?"

"झाकण नीट बसतं ना? डावीकडे कागदाएवढी फट ठेवलीय. दमट हवेत लाकूड फुगतं."

"ती पेटी... ते पान... तुम्ही?"

"मग कुणी, तुझ्या काचेच्या भांड्यांनी? आणि अहो-जाहो काय करतोस, मी काय तपासनीस आहे? काकांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. बादली, ढीग, तपासणी. माप देताना फळीवर बसले होते, ते उठायलाच तयार नव्हते."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "मामांच्या दाराला सील लागणार आहे! तो ढीग तापत नाही!"

"कसा तापेल? तो तापतो कुजल्यामुळे, आणि तू त्यात न कुजणारं लाकूड ओततोयस. तेही डोंगराएवढं." तिचाही आवाज चढला होता. "तू भांडी म्हणालास, तुला भांड्यांचा भुसा दिला. मग दर खेपेला विचारलं, कशासाठी. दर खेपेला! एकदा तर खांब दाखवला. आणखी किती मोठ्यानं सांगायचं?"

"मला वाटलं तू..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

भावजींनी कानामागची पेन्सिल काढून त्या पेन्सिलीकडेच फार लक्षपूर्वक बघायला सुरुवात केली. तिचे वडील म्हणाले, "मागच्या कोपऱ्यातला दे त्याला, भिजलेला." आणि आत निघून गेले. ते हसत होते, पाठ सांगत होती.

मागच्या कोपऱ्यातला भुसा साध्या मऊ लाकडाचा, पावसात भिजून काळा पडलेला, त्यात सालं, पाला, बुरशी. मी म्हणालो, "याला वास येतो."

"यायलाच हवा," ती म्हणाली. "उद्या येते मी. देवदार आधी बाहेर काढावा लागेल. एकट्याला जमायचं नाही, तू मध्येच कुणाशी तरी भांडत बसशील."

५ मार्च

ती आली. दाताळं खांद्यावर, पायात गुडघ्यापर्यंत बूट. येताना गोठ्यातलं शेण दोन टोपल्या, मामांच्या डोक्यावर. मामांना तिने कसं तयार केलं माहीत नाही. मी सांगितलं असतं तर माझ्या डोक्यावर टोपली आली असती.

सकाळपासून दुपारपर्यंत ढीग उपसला. देवदार जेवढा वेचता आला तेवढा बाजूला. मग थर: काळा भुसा, शेण, वाळकं गवत, सालं, बादल्या, पाणी. तिने ओला भुसा माझ्या हातात दिला. "दाब. दोन थेंब पडले पाहिजेत. दहा नाही, दोन." मी दाबला. दोन पडले. "बरोबर," ती म्हणाली. दीड वर्षाच्या कॉलेजात मला कुणी बरोबर म्हणालं नव्हतं.

बोललो काय? शेणाबद्दल, गवताबद्दल, आणि माणसाला रोज किती भुसा लागतो याबद्दल. एकही वाक्य असं नव्हतं जे मी पहिल्या दिवशी बोलायला घाबरलो नसतो.

मामीने दोन वेळा चहा आणला. दोन्ही वेळा आमच्याकडे बघून उगाचच पदराने तोंड पुसलं.

ढीग २४.

६ मार्च

३१!

७ मार्च

४०. मामांनी पाटीचा ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

आज बादली ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच भरली. दोघांच्या हिशोबात बसत नाही. मामांची पचनशक्ती वाढली असावी. मामी मात्र हल्ली उतार उतरून घरी जात नाही, गुडघे दुखतात म्हणते.

८ मार्च

४८. सकाळी वाफ दिसली. मामा थर्मामीटरला नमस्कार करत होते, मला बघून पाठ खाजवल्यासारखं केलं.

९ मार्च

५३. ती वखारीतून धावत आली. मी आकडा सांगितला, तिला पटला नाही, स्वतः बघितला. मग दोघं वाफेवर हात धरून उभे राहिलो. होता ढीगच, तरीही छान वाटलं.

१० मार्च

५६.

११ मार्च

५७. बाबा आले. गाडीची दोन परतीची तिकिटं खिशात घेऊन आले.

१२ मार्च

तपासनीस बाई बारीक अंगाच्या, चष्म्याला दोरी. त्यांनी चर बघितला, कर्दळी मोजल्या, पेटीवर टकटक केलं, झाकण उघडून पानावर बोट फिरवलं. "घरातल्या बाईंना सोयीचं आहे का?"

"अगदी," मामी म्हणाली. मामा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. "काय बघता? त्या दिवशी गुडघा धरला होता म्हणून. मग सवय झाली."

बाईंनी स्वतःचा थर्मामीटर खुपसला. ५६. मग नोंदवही मागितली. पानं उलटता उलटता थांबल्या. वही उजेडाकडे धरली.

"इथे काय खोडलंय?"

बाबा मागे उभे होते. मामांनी झाडू घट्ट धरला होता. माझ्या डोक्यात रक्त चढलं, अगदी प्रयोगशाळेत चढलं होतं तसंच. वही ओढावी असं वाटलं. हात उचललाही होता.

"खोटे आकडे," मी म्हणालो. "ढीग तापत नव्हता, तेव्हा लिहिले. मग खोडले. बाकीचे मोजलेले आहेत. आधीचे एकवीस-बावीससुद्धा."

"ते का ठेवलेत? चांगले दिसत नाहीत."

"तसेच होते."

त्यांनी वही मिटली. पत्रावर सही केली, शिक्का मारला. "रोजची नोंद वर्षभर ठेवायची. पाहुणे बोलवायला हरकत नाही." जाताना बाबांना म्हणाल्या, "मुलगा तुमचा?"

"हो," बाबा म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच लगेच म्हणाले.

मामांनी पडवी झाडली. त्यानंतर पुन्हा झाडली.

१३ मार्च

बाबा एकटे गेले. जाताना त्यांच्या हातात सरांसाठी पाकीट दिलं. आत तीनच ओळी: अकरापैकी दोन आकडे माझ्या मनाचे होते. खाटेवर नव्हे, जिन्यात बसून लिहिले होते. परत प्रयोग करायची परवानगी असेल तर जूनमध्ये येतो.

बाबांनी पाकीट खिशात ठेवलं, तिथलं जास्तीचं तिकीट काढून फाडलं आणि तुकडे माझ्या हातात दिले. "कागद तुझ्या ढिगात चालतो ना?"

१४ मार्च

केबिनमागे काळ्या भुशाची सात पोती आहेत. पाहुणे आले तरी पावसाळ्यापर्यंत पुरतील. मी रिकामं पोतं खांद्यावर टाकलं आणि वखारीत गेलो.

करवत चालू होती. भुवयांवर भुसा. तिने मला बघितलं, खांद्यावरचं पोतं बघितलं, आणि करवत बंद केली.

"कशासाठी?"

भावजी होते, वडील होते, कुत्रंही होतं.

"भुसा नकोच आहे," मी म्हणालो.

तिने चष्मा कपाळावर चढवला. मग पायाने एक ओंडका माझ्याकडे सरकवला.

"पोतं घाल त्याच्यावर आणि बस. एवढी फळी संपवते."

मी बसलो. ती फळी चांगली लांब होती. मला घाई नव्हती.

ढीग ५८. बाकी काही मोजलं नाही.